तंबोऱ्याला झळाळी आणायला मिरजेला

आमच्या साताऱ्याच्या महिला भजनी मंडळाचा तंबोरा पाहून दत्तमंदिराचे सेक्रेटरी म्हणाले, "हे असलं पांढरे चट्टे पडलेलं वाद्य दत्तजयंतीला नको. मी तंबोऱ्याचं मशीन आणतो." आमच्या वन्सं म्हणजे मंडळाचा आवाज. त्या म्हणाल्या, "मशीनसंगं मशीनलाच गाऊ द्या." म्हणजे तंबोरा उजळला नाही, तर जयंतीच्या संध्याकाळी गायचा पहिल्यांदाच मिळालेला मान गेला. चट्टे आमच्याच भक्तीचे होते. भजनाआधी आम्ही त्याच्यावर तीर्थ शिंपडायचो, आणि लाखेच्या पॉलिशला पाणी बाधतं हे कुणाला ठाऊक!

मी आणि वन्सं सकाळच्या एसटीने निघालो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी खुशीत. कंडक्टर गवसणीतल्या तंबोऱ्याकडे बघून म्हणाला, "ह्या पाव्हण्याचं तिकीट?"

"हा बायकांच्या सुराचा, जनानी तंबोरा आहे," मी म्हटलं. "ह्यालाही अर्धंच."

तो हसला, पण सामानाचं तिकीट फाडलंच. खाणं डब्यातलं न्यावं. स्टँडवरचा चहा महाग आणि पातळ.

मिरजेत तंबोरे करणारे यासीनचाचा वाद्यांच्या गल्लीतच भेटले. खोलीत शिरताच स्पिरिटचा वास आला. वन्संनी नाकाला पदर लावला. "अगंबाई, चाचा, ही तर दारू!"

"आवं मावशी, प्यायची न्हाई, लाकडाला पाजायची हाय," चाचा म्हणाले. स्पिरिटमध्ये लाख विरघळवलेली. कापसाची पुरचुंडी त्यात बुडवून, तेलाचा थेंब लावून, भोपळ्यावर गोल गोल फिरवत राहायची. मध्येच हात थांबला की तिथं डाग. थर वाळला की पुढचा थर. "जयंतीच्या आदल्या दिशी या," ते म्हणाले.

तोवर आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. मिरजेहून एसटी मिळते. भक्तनिवास स्वस्त, दुपारचा प्रसाद फुकट, बासुंदी मात्र विकत. ती मी एकच वाटी घेतली आणि दोघींत खाल्ली. वन्सं म्हणाल्या, "दत्तमहाराजांनीसुद्धा तुझ्याकडं झोळी पसरायच्या आधी विचार केला असता."

परत आलो, तर तंबोरा ओळखू येईना. भोपळ्यात आमची तोंडं दिसत होती. चाचा म्हणाले, "शेवटचा हात आत्ताच दिलाय, सांजंपतूर..."

पुढचं ऐकायला वन्सं होत्या कुठे? सवयीनं हात जोडून खाली वाकल्या आणि भोपळ्याला कपाळ टेकवलं. उठल्या तेव्हा कुंकू कपाळावर नव्हतं. ते भोपळ्यावर होतं.

"आवं, मावशी!" चाचांनी डोक्याला हात लावला.

"पुसून टाका की," मी म्हटलं.

"पुसाया गेलो तर लाल रंग समद्या भोपळ्यावर फिरंल. खरवडून नव्यानं करायचं तर आनि दोन दिस."

जयंती उद्यावर. वन्संचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "असाच न्यायचा. पण चाचा, डाग पडलाय, काही कमी करा."

"डाग तुमच्या कपाळाचा, आनि पैसं माजं कमी?" चाचा म्हणाले. त्यांचंही खरं होतं. पुरते पैसे दिले. संध्याकाळपर्यंत तो वाळला, मग शेवटची एसटी धरली.

जयंतीला सेक्रेटरी मशीन घेऊन हजर. मी गवसणी काढली. चकचकीत भोपळ्याच्या मधोमध लालभडक कुंकू. सेक्रेटरी वाकून बघू लागले.

"वाद्याची पूजा करून आणलीत होय?" ते म्हणाले, आणि त्यांनी तंबोऱ्याला हात जोडले. मशीन पिशवीतून बाहेर आलंच नाही. वन्सं त्या दिवशी अशा गायल्या की आरती लांबली.

जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: मिरजेला कोरड्या हवेत जा, पॉलिश लवकर वाळतं, आणि कपाळाला टिकली लावून जा. परवाच्या गुरुवारी भजनाला बसताना वन्संनी भोपळ्यावर पुन्हा डोकं टेकवलं. आता पॉलिश वाळलंय, म्हणून मी खुशाल टाळ उचलले.