तीन नंबर बंद होता

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि हे लिहितानाही नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीत माझी हयात गेली. "मशीनले कोनी करनी केली" म्हणत गिऱ्हाईक आलं की मी आतली धूळ झटकून देतो, करणी निघून जाते. हे एक प्रकरण मात्र निघालं नाही...

मंगरूळपीर तालुक्यात, आसेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंग आहे — कापसातली सरकी काढून गाठी बांधतात ती फॅक्टरी. तिथल्या केबिनमधले चार कॉम्प्युटर माझ्याकडे. जागा टीचभर, म्हणून चौघांत मिळून एकच स्क्रीन, एकच कीबोर्ड आणि मध्ये एक स्विच. स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की स्क्रीनवर निळा मेनू उघडतो — काटा, प्रेस, यार्ड, बिल. बाणाने नाव निवडायचं, एंटर मारायचं, त्या कॉम्प्युटरचं चित्र समोर. चालू असलेल्याचं नाव पांढरं, बंद असलेल्याचं करडं. पोरखेळ आहे.

त्या दुपारी यार्डचा कॉम्प्युटर, म्हणजे तीन नंबर, बंद होता. बंद म्हणजे कसा, तर त्याचा पॉवर सप्लाय मीच काढून टेबलावर खोलून ठेवला होता. यार्डातले कॅमेरे त्याच्यावरच चालतात, तेव्हा तेही बंद. मी वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर काम करत होतो आणि मेनू आपोआप उघडला. पट्टी सरकत जाऊन यार्डवर थांबली. एखादं बटण अडकलं असेल म्हणून मी कीबोर्ड उलटा करून झटकला. परत तेच. वैतागून कीबोर्डची वायरच उपटली. तरी मेनू उघडला... यार्डचं नाव करडंच होतं. वायर माझ्या हातात, आणि तिकडे एंटर कोणी मारला, मला माहीत नाही. चित्र आलं.

भिंतीला लागून एक बाई निजलेली. पांढरे झालेले केस, हिरवी साडी, आणि वरून थोडा थोडा कापूस तिच्या अंगावर घसरत होता. कापूस निवडायच्या कामावरची शीलाबाई, लगेच ओळखलं. बाहेर लोडरचा आवाज चालू होता. ड्रायव्हर गजानन कापसाचा ढीग मागच्या भिंतीकडे रेटत होता.

धावत जाऊन लोडरसमोर उभा राहिलो. गजाननने करकचून ब्रेक मारला.

"जावेदभाई, मराले आले का? काहून आडवे येऊन राह्यले?"

"ढिगामागं शीलाबाई हाय."

"नाई हो. साऱ्या बाया जेवाले गेल्या."

मागे जाऊन पाहिलं तर ती होती. तापाने फणफणलेली, छातीपर्यंत कापसात. दोघांनी ओढून काढली. मालकाने स्वतः गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं.

केबिनमध्ये परत आलो तर स्क्रीनवर 'नो सिग्नल'.

आता टेक्निकल मंडळींसाठी. जुनं चित्र अडकलं असेल म्हणाल, तर हा स्विच चित्र साठवत नाही. आपोआप एकामागून एक कॉम्प्युटर दाखवायची सोय त्यात आहे, पण ती बंद कॉम्प्युटर गाळून पुढे जाते. स्विच मी खोलून पाहिला, दुसरीकडे लावून पाहिला, एकदम ठणठणीत. वायरिंग माझं आहे आणि त्यात चूक नाही, हे आजही छातीठोकपणे सांगतो. आणि मुख्य म्हणजे ढिगामागे कॅमेराच नाही. सगळे कॅमेरे खांबांवर, उंच. हे चित्र जमिनीपासून हातभर उंचीवरून होतं, तिच्या डोक्याच्या बाजूने.

शीलाबाई बरी होऊन कामावर आली, तशी केबिनमध्ये आली. आभार मानेल, मी "असू द्या" म्हणेन, असं मला वाटलं होतं. ती दारातच उभी राहिली.

"जावेदभाऊ, तुमी यायच्या आंधी माह्या उशाशी कोन बसलं होतं? कपायावर हात ठेवून होतं. बाईचा हात होता."

कोणी नव्हतं म्हणावं, तर मीही तिला तिथूनच पाहिलं होतं.