गाडी लागणारा कंडक्टर

मारुतीनाना कुठंही गेले की आधी डोकी मोजायचे. लग्नाला गेले, मोज. मयतीला गेले, मोज. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात चार पोरं उभी असली तरी नानांचं बोट हवेत टुकटुक हलायचं आणि मग हुकूम सुटायचा, "पाच. तुला धरून. चला, डबल बेल!" खिशात तिकिटाचं जुनं पंच असायचं, ते काउंटरच्या काचेवर दोनदा वाजवायचे. टक टक. त्याच्याशिवाय गडी खुर्चीवर बसायचाच नाही.

तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली, त्यातली निम्मी आमच्या नांदूरघाट-परळी गाडीवर. तिकिटाच्या मशिनी आल्या, पंच कुणी विचारीना, तरी नानांच्या खिशातून ते काही हललं नाही. रिटायर झाल्यावर दहा वाजले की ते माझ्या दुकानात हजर. मोबाईल चार्जिंगला लावायचा, पेपर मागून पुढं वाचायचा आणि गिऱ्हाईकाला रांगेत उभं करायचं. "ए आधारकार्ड, तू मागं हो. उताराबाई आधी आल्यात." गिऱ्हाईक कागदाच्या नावानं ओळखायचे ते.

मला गावात टेप म्हणतात. कुणाचाही आवाज एकदा ऐकला की माझ्या गळ्यात बसतो. नववीत असताना हेडसरांच्या आवाजात मी शाळेच्या माईकवरून सुट्टी जाहीर केलती, अर्धी शाळा घरी पोचली तेव्हा सरांना कळलं. पण माझा सगळ्यात खपणारा माल म्हणजे नाना. तो घोगरा आवाज, वाक्याच्या शेवटी दिलेला हेलकावा, "चला परळी परळी परळीऽऽ." मी काढायचो आणि नाना समोर बसून ऐकायचे. "आसा बोलतो मी? मग पाशिंजर उतरून का गेले न्हाईत बे?"

बेलचं त्यांचं एक शास्त्र होतं. "एक बेल म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. हे येड्याला बी कळतंय. पर एक बेल मारायला लई दम लागतो. डायवर कावतो, पाशिंजर कावतात, टाइम जातो. पर म्हातारी खाली राह्यली आसंल तर कावू दे. मारायची एक बेल."

हे मी शंभरदा ऐकलं असेल. त्यांच्याच आवाजात शंभरदा म्हणून पोरांना हसवलंही.

नानांची मुलगी वैशालीताई जर्मनीला असते. जावई तिकडं कंपनीत. गेल्या वर्षी दोघांनी ठरवलं, बाबांना उन्हाळ्यात बोलवायचं आणि तीन आठवडे युरोप दाखवायचा. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली. नानांनी ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "तिकडं रेल्वे हाय ना?"

कारण असं, की नाना जन्मात रेल्वेत बसले नव्हते. परळी स्टेशनावर किती माणसं सोडली याला हिशोब नाही. "लोकं डब्यात बसायची, खिडकीतून हात करायची, आन् मी उलटा नांदूरघाट." घरच्यांना एसटीचा पास. कुठं जायचं म्हटलं की पास. तुळजापूर पासावर, पुणं पासावर. फुकटची गाडी सोडून रेल्वेला कोण जातंय? असं करत करत माणूस साठीपार झाला.

मग माझ्या दुकानात युरोप सुरू झाला. नानांनी माझ्याकडून तिकडच्या रेल्वेचा नकाशा मोठा प्रिंट करून घेतला, वर लॅमिनेशन. रोज बोट फिरवायचे. गावांची नावं मी वाचून दाखवायचो, ते पाठ करायचे आणि मग उभं राहून बोंबलायचे, "चला म्युनिक म्युनिक म्युनिक! झुरिकवाले फुडं सरका! मिलानची बाई, पोराचं हाफ काढा!" झेरॉक्सला आलेली माणसं हसून बेजार. एकदा मला हळूच विचारलं, "तिथला कंडाक्टर बसून आसतो का उभा?"

"माहीत नाही नाना."

"मी इचारीन त्याला. उभा आसंल तर जागा देईन माझी."

आता दुसरी गोष्ट, जी गावात फक्त मला माहीत होती. नानांना गाडी लागायची. आमच्या स्टँडवर 'परळी गाडी लागली' म्हटलं की माणसं पिशव्या उचलून पळतात, तसली नाही. पोटात ढवळणारी. एसटीत तीस वर्षं काहीच झालं नाही, कारण तिथं ते उभे, खिडक्या उघड्या, दर चार किलोमीटरला दार वाजतंय. पण बंद काचेच्या कारमध्ये, एसीत, मागच्या सीटवर बसवलं की संपलं. मला हे कळलं माझ्या मामेभावाच्या लग्नाला जाताना. घाटात त्यांनी माझा गुडघा असा दाबला की मीच ओरडलो. गाडी थांबवली, नाना बाभळीमागं. तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "कुनाला बोलू नको बे. कंडाक्टरला गाडी लागती म्हणलं तर आख्खा डेपो हासंल."

मी शपथ घेतली. ती पाळलीसुद्धा. मी कुणाला सांगितलं नाही. जे केलं ते त्याहून वाईट होतं.

एप्रिलमधली दुपार. नाना मोबाईल चार्जिंगला ठेवून समोर दाढी करायला गेलते. दुकानात माझी चार दोस्त मंडळी. फोन वाजला, वैशालीताई. असा फोन मी आधी पण दोन-तीनदा उचलला होता, नानांच्या आवाजात. ताई दुसऱ्या वाक्याला ओळखायची. "टेप्या, गप, बाबांना दे." हसायची आणि मग मी द्यायचो. तेवढीच गंमत.

त्या दिवशी पोरं म्हणाली, "काढ बे नाना." मी काढला.

"हाऽ, बोल पोरी."

ताई घाईत होती. रस्त्यावर कुठंतरी, मागं गाड्यांचा आवाज. "बाबा, पटकन सांगा. हे विचारतायत, रेल्वेचे पास काढायचे का गाडी भाड्यानं घ्यायची? दोन्ही जमतंय. आज सांगितलं तर बुकिंग होतंय."

मी पोरांकडं बघितलं. ती तोंडावर हात धरून थरथरत होती. आणि मला, खरं सांगतो, तेव्हा ते फार विनोदी वाटलं. ज्या माणसाला गाडी लागते त्याच्याच आवाजात गाडी मागायची. हा विनोद फक्त मलाच कळत होता, म्हणून तर जास्त मजा.

"रेल्वे-बिल्वे काय न्हाई," मी म्हणालो. "गाडी काढ म्हणावं जावयाला. डबल बेल!"

मला वाटलं, आता म्हणेल, टेप्या गप. ताई म्हणाली, "बरं बाबा. मला वाटलंच, तुम्हाला गाडीचीच सवय." आणि फोन बंद.

पोरं अक्षरशः जमिनीवर. एक जण स्टूलवरून पडला. मी पण हसलो. लगेच फोन लावू म्हणलं, पण समोरून नाना येत होते, गालाला तुरटी लावून, आणि पोरांसमोर मला माझी फजिती करून घ्यायची नव्हती. रात्री लावू म्हणलं. रात्री नंबर काढला आणि वाटलं, ताई रागवेल. सकाळी नानांना सांगू.

सकाळी नाना आले ते डोकी न मोजता. नकाशा घडी करून पिशवीत. लॅमिनेशनची घडी पडत नाही, तर मोडून पांढरी रेघ उठली होती मधोमध.

"रात्री पोरीचा फोन आलता. गाडी ठरली म्हणं," ते म्हणाले. "जावईबापूंनी लगीच बुक बी केली. मोठी हाय म्हणं, मागं पाय पसरता येत्यात."

"मग सांगा की नाना. रेल्वे पायजे म्हणून."

"येडा का बे? पोरीचा बाप हाय मी. जावयाच्या घरी जाऊन जावयालाच आडवं बोलू? त्यांच्या मनात गाडी हाय, तर गाडी."

बघा आता. तिकडं जावयाला वाटतंय सासऱ्याला गाडी पाहिजे. इकडं सासऱ्याला वाटतंय जावयाला गाडी पाहिजे. दोघंही एकमेकांचा मान ठेवतायत. आणि मधे मी, एकटा, दोन्हीकडचं माहीत असलेला, झेरॉक्स मशिनचं झाकण उघडतोय आणि लावतोय. एक वाक्य बोलायचं होतं. नाना, तो फोन मी उचलला होता. म्हातारी खाली राहिली होती आणि बेलची दोरी माझ्या हातात होती.

विमानाला तीन आठवडे होते. रोज दहा वाजता नाना यायचे, रोज मी उद्यावर टाकायचो. त्याऐवजी मी काय केलं? आवळा सुपारी आणली. ओवा-सैंधवाच्या पुड्या बांधल्या. मेडिकलमधून उलटीच्या गोळ्या आणल्या आणि कधी घ्यायच्या ते पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं. नाना पाकीट हातात घेऊन बघत बसले.

"तू लई काळजी करतो बे माझी," ते म्हणाले. "पोटच्या पोरानं बी केली नसती."

ते वाक्य मला आजपर्यंत कुणाच्याच आवाजात काढता आलेलं नाही.

जूनमध्ये नाना परत आले. थोडे उतरलेले, पण गावाला सांगताना रंगात. लई झ्याक देश. रस्ते कसे, तर चहा सांडत न्हाई. पोटाचं काही बोलले नाहीत. दुकानात गर्दी पांगल्यावर खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "रेल्वे बघितली बरं का. रस्त्याच्या बाजूनंच पळत होती. आत लोकं चहा पीत होते, निवांत. एक पोरगं काचेला नाक लावून माझ्याकडं बघत होतं. मी हात केला."

मी मशिनमधला कागद सरळ करत राहिलो.

"एका गावात मुक्काम होता. सकाळी ही सगळी झोपलेली, मी एकटा चालत ठेसनावर गेलतो. तिथं प्लाटफारमचं तिकीटच न्हाई. कितीबी येळ उभं राहा. तास झाला उभा होतो. गाडी आली, लोकं चढले. मी मोजले, सतरा. दार लागलं. मग मी खांबावर पंच वाजवलं, टक टक. आन् गाडी निघाली की बे! माझ्या बेलवर!"

हसले, खोकले, उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "टेप, माझा आवाज तुझ्या गळ्यात हाय. जरा जपून वापर."

मी गार पडलो. पण ते तसेच पायऱ्या उतरून गेले आणि दुसऱ्या दिवशी दहाला येऊन काचेवर पंच वाजवलं. परत कधी त्याचा विषय नाही. मला वाटलं, सहज म्हणाले असतील. सोयीचं होतं तसं वाटणं.

दिवाळीनंतर नाना गेले. झोपेतच. मयतीला मी डोकी मोजली, कुणीतरी मोजायला पाहिजे होती. मधेच आकडा चुकला.

दहाव्यानंतर वैशालीताई दुकानात आली. मृत्यूच्या दाखल्याच्या सहा झेरॉक्स पाहिजे होत्या. नानांचं पूर्ण नाव काचेवर पालथं ठेवून मी बटण दाबलं. ताई नानांच्याच खुर्चीत बसली होती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मला फार लागून राहिलंय. बाबांना गाडी सोसत नाही, हे मला तिकडंच कळलं. स्वित्झर्लंडच्या घाटात पाचदा थांबलो. यांना इतकं वाईट वाटलं. मी बाबांवर चिडले. म्हणलं, मग फोनवर गाडी काढ कशाला म्हणालात? बाबा माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, 'हा, मीच म्हणलो. माझीच चूक. जावयाला काय बोलू नको.'"

मशिनमधून तिसरी प्रत आली. चौथी आली.

"एवढंच समाधान, की त्यांनी स्वतःच्या तोंडानं मागितली होती," ती म्हणाली. मग डोळे पुसून माझ्याकडं बघून जरा हसली. "टेप्या, तुझ्याकडं आहे ना बाबांचा आवाज? एकदा काढ की. काहीपण बोल. परळी परळी म्हण."

परळी म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि जे सात महिने घशात बसलं होतं तेच बाहेर आलं, जसंच्या तसं, त्याच हेलकाव्यानं.

"रेल्वे-बिल्वे काय न्हाई. गाडी काढ म्हणावं जावयाला. डबल बेल."

ताईचं हसू होतं तिथंच राहिलं. सहावी प्रत पडली, मशिन बंद झालं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, नुसतं तोंडाकडं.

"तू होतास?"

"हो ताई."

मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. चप्पल काढली असती तरी मी हललो नसतो. तिनं सहा कागद गोळा केले, कडा जुळवल्या, पिशवीत ठेवले. मग खाली बघत म्हणाली, "परत एकदा म्हण."

मला जमलं नाही. मी माझ्याच आवाजात म्हणालो, "ताई, चुकलो."

तो आवाज तिला नको होता.