पेंढ्यातली खिचडी

२०१६ साली मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर शाळेत शिकवत होते. राहायला डहाणू रोडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नवरा रेल्वेत. शाळेत मुलांचं जेवण रांधायला पाड्यातल्याच एक मावशी यायच्या. एका रविवारी शाळेच्या कामासाठी गेले होते, तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. चूल विझलेली आणि मावशी ओट्यावर निवांत तांदूळ पाखडत बसलेल्या.

"जेवणं झाली वाटतं?"

"कुठं? शिजतंय अजून," म्हणत त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. टोपलीत भाताचा पेंढा ठासून भरलेला, मधोमध झाकण लावलेलं पातेलं आणि वर गोधडी. "खिचडी चांगली दहा मिनिटं उकळली, का उतरवायची न् यात दडपून ठेवायची. लाकडं डोक्यावरून आणावी लागतात, बाई. उगाच कशाला जाळायची?"

मी भारावूनच घरी आले. येताना पिशवीभर पेंढाही आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुगाची खिचडी उकळून गॅस बंद केला आणि पातेलं पेंढ्यात पुरलं.

नवरा बघतच राहिला. "अगं, अंडी उबवतेस का?"

त्याला काही चैन पडेना. मी वह्या तपासत होते तेवढ्यात त्याने तीन वेळा झाकण उघडून पाहिलं. शेवटी पानात पडले कच्चे तांदूळ आणि कोमट पाणी. सगळं पुन्हा गॅसवर चढवलं, म्हणजे बचत राहिली बाजूलाच.

शाळेत मावशींना सांगितलं, तर त्यांनी सरळ विचारलं, "झाकण कोणी उघडलं?"

"ह्यांनी."

पदर तोंडाला लावून त्या हसत सुटल्या. "मग पुढच्या वेळी त्यांना बाहेर धाडा!"

पुढच्या रविवारी मी नवऱ्याला घोलवडला मित्राच्या चिकूवाडीत पाठवलं. दोन तास फिरकू नको, असं बजावूनच. तो परतल्यावर त्याच्यासमोर झाकण काढलं. माझ्या चष्म्यावर वाफ धरली. खिचडी मऊ, मोकळी आणि तळाला जराही न लागलेली. त्याने तीनदा वाढून घेतलं.

त्याच आठवड्यात त्याने चिकूचं एक रिकामं लाकडी खोकं आणलं, आतून जुनं ब्लँकेट ठोकलं आणि पेंढा भरला. मग शेजारीपाजारी बोलावून, जणू शोध आपलाच, अशा थाटात सगळ्यांना दाखवू लागला. मला राग यायचा आणि हसूही. पण खोक्यात भात, डाळ, उसळ रोज शिजू लागली आणि आमचा सिलिंडर चांगला लांबला.

दिवाळीआधी मावशी बाजाराला डहाणूला आल्या, तेव्हा त्यांना आग्रहाने जेवायला थांबवलं. त्या दिवशी खिचडी नवऱ्यानेच टाकली होती. मावशींनी पहिला घास घेतला. तो समोर श्वास रोखून उभा.

"शिजलीय झकास," त्या म्हणाल्या. "फक्त मीठ टाकायचं राहिलंय, भाऊ."