तुळसाबाईंनी धरलेली गोमाशी

अर्धं सूप तांदूळ निवडून झालं होतं, तेवढ्यात शेजारच्या तुळसाबाई दारात उभ्या. हातात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, आत एक माशी फडफडत होती.

"पुष्पा, सूप ठेव. मागच्या सालची वही घे अन् माझ्या घरी चाल."

त्यांच्या घरचं साऱ्या आळीला ठाऊक होतं. म्हैस आठ दिवस तापलेली, जागच्या जागी गोल फिरते. वैशाखात रचना सून म्हणून आली. तुळसाबाईंचे धाकटे दीर महागू म्हणतात, पोरीचा पायगुण वाईट, तिला माहेरी धाडा. डॉक्टर आणायचं नाव काढू देत नाहीत. तुळसाबाईंचे मालक गेल्यापासून त्या घरात महागूंचाच शब्द.

मीही देवापुढचा अंगारा म्हशीला लावून आले होते. संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाचा धूर करा, म्हणून सांगितलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "धूर सांजेले, अन् चावणारी येते भर दुपारी. काय उपेग?" मग तीन दुपारी नाल्यावर म्हशींच्या पायांशी बसून राहिल्या.

आम्ही गेलो तर अंगणात रचनाची पिशवी भरून ठेवलेली. ती खांबाला टेकून उभी. महागू खाटेवर.

"भाऊजी, हे पाहा."

"वयनी, माशी आहे. माशीनं कधी म्हैस पडते काय?"

"घरमाशी नोहे. गोमाशी आहे. डोळे पाहा हिचे, हिरवे, वरून पट्टे. पंखावर डाग. घरमाशी चाटते, ही कातडं कापते, रक्त पिते, अन् एकाचा रोग दुसऱ्याच्या रक्तात सोडते. मेली का डोळ्याचा रंग जाते, म्हणून जिती आणली."

"तुम्हाले कोणं शिकवलं?"

"माझ्या बापानं. परसवाड्याच्या बाजारात घोड्यावर माल नेत होता. ह्याच माशा चावल्या अन् घोडा असाच गोल फिरून मेला. मी आठ वर्षांची होती तवा. आमच्या घरी कोणती सून नव्हती!"

तुळसाबाई माझ्याकडे वळल्या.

"पुष्पा, वाच."

रोज पूजा आटोपली की मी चार ओळी लिहिते, तेवढंच. मागच्या भादव्यातलं पान काढलं. घनश्यामचा बैल गोल फिरून मेला. तिसऱ्या दिवशी पुनारामची म्हैस.

"घनश्यामकडे कोणती सून आलती, भाऊजी? अन् पुनारामले तर पोरगाच नाही!"

कुंपणापलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. महागू उठले. "अन् म्हैस मेली तर? लोक काय म्हणतीन?"

"मेली तर माझी म्हैस मेली. लोकाईले जे म्हणाचं ते म्हणू द्या. पोरगी कुठीच जात नाही."

त्यांनी पिशवी उचलून रचनाच्या हातात दिली. "काहून रडून राह्यली? साड्या पेटीत ठेव, म्हशीले पाणी दाखव."

मला ओशाळल्यासारखं झालं. अंगारा खोटा नाही. पण डोळेही देवानंच दिलेत, आणि ते तुळसाबाईंनी वापरले.

पदर खोचून त्या किरनापूरच्या गाडीला निघाल्या, म्हशीचं रक्त तपासायला जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन यायला.