बावीस जणींचं एकच वय

"सगल्यांचं चाळीस लिवलं, मंग त्यात बिगाडलं काय?"

साळूबाईनं हे विचारलं तेव्हा तेजश्रीच्या पुढ्यात प्रश्नावलीचे बावीस कागद पसरलेले होते आणि बावीसही कागदांवर वय चाळीस होतं. सारिकाला अजून चोविसावं लागलं नव्हतं. रखमाची नातवंडं शाळेत जात होती. 'कामावर किती वर्षं?' तर सगळ्यांची नऊ. 'कामाच्या ठिकाणी मन मोकळं करता येतं का?' पूर्ण सहमत. 'बसण्याची नवी पद्धत आवडली का?' त्यालाही पूर्ण सहमत.

"मावशी, एकीचं बघून दुसरीनं लिहिलंय हे," तेजश्री म्हणाली.

"बगून कशाला लिवतील? जेवनाच्या सुट्टीत बसलो, ठरवलं, मंग लिवलं. येकीनं येक सांगायचं नि दुसरीनं दुसरं, ह्ये काय बरं दिसतं?"

तेजश्री वरंधच्या मास्तरांची मुलगी. महाडला खोली घेऊन मानसशास्त्र शिकत होती. माणसं कामावर कशी वागतात आणि का, यावर तिला प्रकल्प करायचा होता. त्यासाठी तिनं सुनीलशेटची शेड धरली. महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला ही शेड. तिथं औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं यायची आणि बायका त्यातली चिरलेली, वाकडी झाकणं बाजूला काढायच्या. शेटनं तिला लगेच परवानगी दिली, कारण त्याचं स्वतःचं डोकं दुखत होतं. आधी सगळ्या बायका एका लांब टेबलाला बसायच्या. बोलण्यात वेळ जातो म्हणून त्यानं प्रत्येकीला वेगळं छोटं टेबल दिलं. बोलणं थांबलं खरं, पण दोन महिन्यांत तीन वेळा माल परत आला. चांगल्यात खराब झाकणं निघाली. कुणाच्या टेबलाची ते कळेना, कारण माल शेवटी एकत्रच व्हायचा. आता त्यानं सांगून टाकलं होतं की येत्या सोमवारपासून प्रत्येकीच्या पिशवीवर तिचा नंबर. जिची पिशवी खराब, तिनं घरी बसायचं.

साळूबाई या बायकांची मुकादम. पोलादपूरहून कुडपणच्या अंगाला चढणाऱ्या रस्त्यावर तिची वाडी. नवरा कोंडाजी मुंबईला वॉचमन, तो शिमग्याला आणि गणपतीला येतो आणि दोन्ही वेळा घराच्या कौलांना नावं ठेवून जातो. ही पहाटे भाकऱ्या थापून एसटीनं महाडला येते. शाळा चौथीपर्यंत. शेडमधल्या निम्म्याहून जास्त बायका तिनंच आणलेल्या, तिच्या नि आजूबाजूच्या वाड्यांतल्या. वाडीत काही ठरवायचं तर गावकी बसते, तिथं हवं तेवढं भांडून घ्यायचं. उठलं की शब्द एक. तळीयेला दरड पडली त्यानंतर वाडीत कागद घेऊन माणसं आली होती, राहायला भीती वाटते का विचारायला. तेव्हाही सगळ्या घरांनी एकच उत्तर लिहून दिलं. तेजश्रीचा कागद आला तोही त्यांनी त्याच रीतीनं निकालात काढला.

कॉलेजातले सर हा गठ्ठा बघणारसुद्धा नाहीत, असं तेजश्रीनं रडवेल्या तोंडानं सांगितलं. साळूबाईनं सुपारीचं खांड गालात सरकवलं.

"मंग कागद ठेव नि दोन दिस बस आमच्याबराबर. इचारू नको काय. निवड."

तेजश्री बसली. पहिल्या दिवशी तिची मान धरली. सारिकानं तिला चिडवून घेतलं, की म्याडम, तुमची पिशवी भरंस्तवर आमी गावाला जाऊन येऊ. दुसऱ्या दिवशी मात्र तिचं लक्ष झाकणांवरून रखमाच्या हातांवर गेलं. झाकणाचा संशय आला की रखमाचा डावा हात आपोआप बाजूला जायचा, जणू शेजारी कुणी बसलंय नि तिच्याकडे द्यायचंय. शेजारी कुणी नसायचं. हात क्षणभर तसाच अधांतरी राहायचा आणि मग झाकण चांगल्यात पडायचं.

लांब टेबल होतं तेव्हा रखमाच्या डावीकडे सारिका बसायची.

सुट्टीत तेजश्रीनं साळूबाईला नळाकडे गाठलं. रखमामावशींना दिसत नाही ना, असं हळूच विचारलं. साळूबाईनं डबा धुवून उपडा घातला, हात पुसले, मग बोलली.

"कागदावर ह्ये गेलं तं तिचं काम गेलं. म्हनून तं सगल्यांनी आवडलं लिवलं. नाय आवडलं लिवलं असतं तं शेटनं का म्हनून इचारलं असतं."

रखमाच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडला होता, ते तिच्या शेजारच्या सगळ्यांना ठाऊक होतं. शिमगा झाला की ऑपरेशन करते, असं ती सलग चौथ्या वर्षी सांगत होती. लांब टेबल होतं तोवर संशयाचं झाकण सारिका बघत होती, आणि हे कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं. रखमा घरी बसली तर दिवसभर सुनेशी भांडेल आणि दोघींचं वाटोळं होईल, हे साळूबाईचं म्हणणं.

पण नंबर लागले की सोमवारी सगळं उघडं पडणार होतं. तेजश्रीनं विचारलं, शेतावर अशी कुणी असली तर तुम्ही काय करता?

साळूबाईला हसू आलं. एवढं शिकून हे विचारायला लागतं, याची तिला मौज वाटली. लावणीला जिची कंबर गेली तिला कुणी घरी बस म्हणत नाही. तिला रोपाच्या मुठी पुरवायला उभी करतात. आणि मुठी नीट कुणाला देता येत नाहीत, तूच ये, असंच सांगतात.

"तसं लिव. नाव नको घालू."

तेजश्रीनं शनिवारी दोन पानं लिहून शेटला दिली. संशयाच्या झाकणाला दुसरे डोळे लागतात, म्हणून टेबलं जोडीजोडीनं लावावीत. माल भरायची पुठ्ठ्याची खोकी सध्या ज्या त्या बाईनं उठून दुमडून बनवायची, त्यात हात थांबतात, त्या कामाला एक कायमची बाई ठेवावी. नंबर एकेकीच्या पिशवीला नको, जोडीला द्यावा. शेटनं दोनदा वाचलं आणि कुणाची नजर कच्ची आहे ते विचारलं. नावं न लिहिण्याच्या बोलीवर माहिती घेतलीय, असं तेजश्रीनं सांगितलं. शेट नाखूश झाला, पण चौथ्यांदा माल परत येण्यापेक्षा हे बरं, म्हणून पंधरा दिवसांपुरतं हो म्हणाला.

सोमवारी टेबलं जोडली गेली. खोक्यांचं काम रखमाला सांगायची जोखीम साळूबाईवर आली.

"मला आंदली समाजली काय गो?" रखमा फणफणली.

"आंदली कशाला? सारिकानं दुमडलेलं खोकं बग, घसरगुंडी झालीय त्याची. तुझा हात सरल हाय."

रखमानं सारिकाचं खोकं चाचपलं, तोंड वाकडं केलं, उलगडलं आणि पुन्हा दुमडलं. चारी कोपरे बोटांनी तपासले. मग दुसरा पुठ्ठा ओढला. बोटांना जे कळत होतं त्याला डोळे लागत नव्हते. तासाभरात तिनं सारिकाला दोन शिव्या घातल्या आणि खोक्यांचा ढीग आपल्याला हवा तसा भिंतीशी लावून घेतला.

पंधरा दिवसांत माल परत आला नाही. शेटनं सोळाव्या दिवशी कुणाला काही विचारलं नाही. म्हणजे चालू ठेवा, असा सगळ्यांनी अर्थ लावला. तेजश्री निरोपाला आली तेव्हा तिच्या हातात नवे बावीस कागद होते. सरांना आकडेही लागतात म्हणे. साळूबाईनं ते घेतले, बायकांकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्या खेपेस ज्याचं त्यानं लिवा. वय पन खरं."

यावर जरा कुरकुर झाली. रखमानं आपलं वय सारिकाला विचारलं.

सुट्टी संपली होती. साळूबाईनं पोतं दोन्ही हातांनी उचललं, टेबलावर पालथं केलं आणि पसरलेल्या झाकणांत हात घातला.