माझ्या दंडाचं माप

देवाने माणसं घडवली, पण घाईघाईत त्यांची मापं घ्यायची राहून गेली, आणि ते राहिलेलं काम उरकायला त्याने माझ्या आतेसासूला मोहाडी तालुक्यात धाडलं, अशी माझी पक्की समजूत आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. नवरा रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. त्याच सुमारास विधवा होऊन माहेरी आलेल्या या बाईने त्याला वाढवलं, त्यामुळे घरात सासूचा मान तिचाच. जन्म हातमागावर गेलेला. अक्षरओळख नाही, पण कनवटीला पांढऱ्या सुताची गुंडी कायम. समोर जे येईल त्याच्याभोवती सूत फिरवायचं, टोकाला गाठ मारायची, दातांनी तोडायचं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. परसातला कोहळा, शेजारणीच्या नातवाचं डोकं, गाईचं पोट, सगळं त्या डब्यात. कोणती गाठ कोणाची ते फक्त आत्याबाईंना ठाऊक. एकदा लग्नाच्या पंगतीत एका वजनदार पाहुण्यांच्या पोटाभोवती त्यांनी मागून अलगद सूत टाकलं. पाहुणे दचकून ताटावरून उठले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बसा जी, जेवा. मागच्या लग्नापेक्षा चार बोटं वाढले तुमी." त्या पाहुण्यांनी पुढे दोन वर्षं आमच्याकडची आमंत्रणं टाळली.

मी जवाहरनगरची, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, आणि लहानपणापासून जाडी. उगाच 'अंगाने भरलेली' वगैरे म्हणायला नको, चांगली जाडीच. मला बघायला आलेल्या मंडळींच्या नजरा मला पाठ झाल्या होत्या. आधी चेहरा, मग खाली, मग एकमेकांकडे, आणि शेवटी 'कळवतो'. आत्याबाई आल्या त्या सरळ माझ्याजवळ येऊन बसल्या आणि पोह्यांना हात लावायच्या आधी माझ्या दंडाभोवती सूत फिरवलं. माझ्या आईचा जीव अर्धा झाला. आत्याबाईंनी दोन गाठी मारल्या, सूत तोडलं आणि म्हणाल्या, "दंड मजबूत हाय पोरीचा. माग ओढन." बस, एवढंच. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नाक न मुरडता मोजलं होतं. त्या बाईसाठी मी त्याच दिवशी लग्नाला तयार झाले. नवरा नीट पाहिला तो नंतर.

लग्नानंतर चार वर्षं पाळणा हलला नाही. पाचव्या वर्षी दिवस गेले तेव्हा नवरा तुमसरच्या राईस मिलमधून पेढ्यांचा डबा घेऊन धावत आला आणि आत्याबाईंनी गुळाची अख्खी भेली फोडली. मग सुरू झालं खाणं. दोन जिवांचं खा, म्हणत तूपभात, लाडू, वर दुधाचा गिलास. मीही काही कमी नव्हते, ताट समोर आलं की मुकाट्याने संपवायची. तिसऱ्या महिन्यात गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. तो धड बसेना. ओढूनताणून बसवला, तर आकडा भलताच वर. सिस्टरबाई गंभीर झाल्या, मी घामाघूम. आत्याबाईंनी मात्र सूत काढलं, एकदा माझा दंड मोजला, एकदा पट्टा, आणि निकाल दिला, "बाई, पट्टा अपुरा हाय तुमचा. तोकडं लुगडं नेसवलं तं कोणाचाबी जीव घुसमटन."

सिस्टरबाई भल्या. त्या म्हणाल्या, असंही होऊ शकतं, भंडाऱ्याला मोठ्या पट्ट्याने तपासून घ्या. गेलो. आणि खरंच, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रुंद पट्टा लावला, तर बीपी ठीक! आत्याबाईंनी खुर्चीत बसल्याबसल्या अशी मान ताठ केली, जणू मेडिकल कॉलेज त्यांनीच काढलंय. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आज ठीक आहे. पण नीट ऐका. पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त वाढतं. ते मावायला रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात. वजन फार असलं की त्यांचं आतलं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, त्या हव्या तशा सैल होत नाहीत. मग दाब चढतो, बाळाला रक्त कमी पोचतं आणि आईच्याही जिवावर बेततं. उपाशी राहायचं नाही, पण दोघांचं खायचं नाही. आणि दर आठवड्याला बीपी."

बसमध्ये आत्याबाई सुताचा धागा बोटांवर ताणत आणि सैल सोडत बसल्या. मोहाडी जवळ आली तेव्हा मागावरच्या उभ्या धाग्यांचा, म्हणजे ताण्याचा, दाखला देत म्हणाल्या, "समजलं मले. इकडं कापड वाढते तसा तिकडून ताणा सोडा लागते. नाही सोडला तं सूत तुटते. तुया ताणा सुटून नाही राहिला." त्या दिवसापासून घरातला तूपभात बंद. माझ्या ताटात एक वाटी भात, बाकी वरण, भाजी, आणि समोर बसून आत्याबाईंच्याही ताटात तेवढंच. "तुमी कायले उपाशी राहता?" मी विचारायची. "मले का लाज नाही वं, तुयासमोर हादडाले?" रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून आम्ही फिरायचो. पुढे त्या, मागे मी धापा टाकत. दर शुक्रवारी मनगटाला सूत, घोट्याला सूत, आणि डब्यात गाठींची भर.

आता यातली गंमत ऐका. त्या पट्ट्याची गोष्ट आत्याबाईंनी गावभर इतकी रंगवून सांगितली की आमच्या घरात बीपी हा एक विनोदच झाला. उपकेंद्रात मोठा पट्टा काही आला नव्हता. सिस्टरबाईंनी थोडा जास्त आकडा सांगितला की नवरा म्हणायचा, "तोकडं लुगडं!" आणि आम्ही पोट धरून हसायचो. भंडाऱ्याच्या फेऱ्याही हळूहळू विरळ झाल्या. शहाणपण एकदा खरं ठरलं की माणूस किती मूर्ख होतो, ते मी स्वतःवरून सांगते.

आठवा सरत होता. सोमवारची दुपार. दोन दिवस माझं डोकं ठणकत होतं. ऊन बाधलं असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. सिस्टरबाई घरी आल्या, पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. "भंडाऱ्याले जा. आत्ता." नवऱ्याने सवयीने सुरू केलं, "सिस्टर, ते लुगडं तोकडं..." मीही हसले. आत्याबाई मागावरून उठून आल्या. डब्यातून शुक्रवारचं सूत काढून माझ्या मनगटाला लावलं. टोकं मिळेनात. पुन्हा लावलं. मिळेनात. मग त्यांनी माझी हनुवटी धरून डोळ्यांखालची सूज पाहिली.

"पट्टा तोकडा हाय हे म्याच बोलली होती," त्या म्हणाल्या. "चूक माही. आज पट्टा खरं सांगून राहिला. गाडी आण."

"आत्या, उद्या सकाळी जाऊ ना, मिलमध्ये सांगून..."

"उद्या कायले? ताणा तुटल्यावर?" त्या अशा ओरडल्या की नवरा चप्पल न घालता गाडी आणायला पळाला.

माग सोडून उठताना ताणा सैल करायचा, हा आत्याबाईंचा जन्माचा नेम. घरी कोणी मेलं तरी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. अर्धी साडी तशीच ताणलेली सोडून त्या माझ्याबरोबर गाडीत बसल्या आणि भंडाऱ्यापर्यंत माझं मनगट सोडलं नाही. मोठ्या पट्ट्यानेही आकडा चढलेलाच निघाला. तपासणीत लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्यावर टाकलं असतं तर मी काही सांगू शकले नसते." चार दिवस औषधांनी थोपवलं, पाचव्या दिवशी पोट चिरून मुलगी काढली. दोन किलोंनाही कमी. काचेच्या पेटीत हात घालू देत नव्हते, म्हणून आत्याबाई बाहेरूनच हवेत सूत धरून अंदाज घ्यायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. पंधरा दिवसांनी घरी आलो, तर मागावरचे कितीतरी धागे तुटून लोंबत होते. मला वाईट वाटलं. आत्याबाईंनी बाळाचा तळवा आपल्या गालाला लावला आणि म्हणाल्या, "तुटू दे. इथलं तुटलं, तिथलं वाचलं."

मुलगी आता सहा वर्षांची आहे, तुरुतुरु पळते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की बाळंतपण झालं तरी रक्तवाहिन्या ते दुखणं विसरत नाहीत, वजन उतरव आणि बीपी तपासत राहा. मी ऐकलं. चांगली निम्मी झाले आहे. आत्याबाई मात्र आता विसरतात. नाव विसरतात, जेवण विसरतात, माणसं विसरतात. सुताची गुंडी तेवढी सुटलेली नाही.

रोज दुपारी त्या मला जवळ बोलावतात. डब्यातून दोन गाठींचं जुनं सूत काढून माझ्या दंडाला लावतात. सूत चार बोटं जास्त होतं. "तू नोहे," त्या मान हलवतात. "माही सून चांगली जाडी होती. भंडाऱ्याले गेली वं, आली नाही अजून. मनगटावर सूज चढली होती तिच्या. तुले दिसली का कुठं?"

पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. आता सांगते, "आली ना, आत्याबाई. लेक घेऊन आली. दोघी बऱ्या हायेत."

"खरंच?" त्या माझ्या हातावर हात ठेवतात. सूत अलगद गुंडाळून डब्यात जातं. रोज दुपारी मी त्यांना ही बातमी देते, आणि रोज त्यांचा जीव नव्याने भांड्यात पडतो.