पायांवर टाकलेला दुपट्टा

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी मोर्शीकडच्या त्या आडरस्त्यावर जे घडले ते मनातून गेलेले नाही. गुन्हा गुंतागुंतीचा नव्हता, आरोपी सराईत नव्हते. राग मात्र अजून आहे, म्हणून लिहितो. नाव कोणाचेच देत नाही.

मी तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत संत्र्याच्या बागांमधून जाणारा एक डांबरी रस्ता आहे. वाहतूक विरळ, दोन्ही बाजूंना कडुनिंब. अमरावतीचे हौशी सायकलस्वार रविवारी पहाटे निघून त्या रस्त्याने मोठा फेरा मारत आणि दुपारी परतत. कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक, कोणी बँकेतले. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, अंगात घट्ट अर्धी विजार. चहाच्या टपरीवर त्यांची थट्टा ठरलेली. "काहो सर, पेट्रोल परवडत नाही काय?"

रविवारी दुपारी ठाणे अंमलदाराने फोन घेतला. बागेतून परतणाऱ्या मजूर जोडप्याला रस्त्याच्या कडेला एक बाई पडलेली दिसली होती, श्वास चालू होता. आमची गाडी पोहोचली तेव्हा रुग्णवाहिका तिला घेऊन गेली होती. सायकल गवतात आडवी होती आणि भोवती गाव जमले होते.

ती अमरावतीच्या एका महाविद्यालयात गणित शिकवत होती. वय चाळिशीचे. त्या दिवशी एकटीच निघाली होती.

गावाचा निकाल तयार होता. एक वजनदार गृहस्थ पुढे झाले. "साहेब, बाई आपल्या आपनच पडली. असे आखूड कपडे घालून एकटीनं इतक्या लांब हिंडाचं कामच काय होतं तिले?"

"पडताना पाहिलं तुम्ही?"

"पाह्यलं नाही. पन दिसूनच राह्यलं ना."

न पाहताच सगळे दिसते अशा साक्षीदारांची आमच्या खात्याला कधी कमतरता पडली नाही. आम्ही पंचनाम्याला लागलो. सायकलचे मागचे चाक पार दुमडले होते आणि कडेवर पांढरा रंग घासलेला होता. आपल्या आपण पडणाऱ्याचे मागचे चाक असे दुमडत नाही. धडक मागून बसली होती, आणि बाई रस्त्याच्या डाव्या कडेला असताना बसली होती.

जागेवर एक दुपट्टाही मिळाला. मजूर जोडप्याने सांगितले की तो तिच्या कमरेपासून पायांपर्यंत नीट पांघरलेला होता. हवालदाराने तो 'जखमीची ओढणी' म्हणून लिहायला घेतला. मी त्याला थांबवले. सायकल चालवताना ओढणी कोण घेते? चाकात अडकून गळफास बसेल. शिवाय दुपट्टा पुरुषी होता. कोरा, घड्यांच्या रेषा अजून मोडलेल्या नाहीत, काठ जरीचा, एका टोकाला कुंकवाचे बोट. मी वऱ्हाडातलाच. लग्नकार्यात सोयऱ्यांना टोपी-दुपट्टा देऊन मान करतात, कुंकू लावतात; असे दुपट्टे माझ्याही कपाटात पडून आहेत. कोणीतरी मानपान घेऊन परतत होते. गाडी थांबली होती, त्यातले कोणी खाली उतरले होते, बाईजवळ गेले होते. आणि तिचे पाय झाकून निघून गेले होते.

हे लक्षात आले तेव्हापासून माझे डोके तापले, ते तपास संपेपर्यंत निवले नाही.

त्या रस्त्याने दुपारी ये-जा केलेला एक दुचाकीस्वार आम्हाला सापडला. तो म्हणाला, "झाकेल दिसलं ना साहेब. मले वाटलं मेली हाये, पोलिसाले खबर गेली असन. मंग कोन थांबते?" असे किती जण गेले असतील, कोण जाणे. उघडी पडलेली असती तर निदान एखादा थांबला असता.

अमरावतीच्या दवाखान्यात तिचा नवरा अतिदक्षता विभागाबाहेर बसला होता. त्याला नातेवाइकांनी घेरले होते आणि सगळे त्यालाच जाब विचारत होते, तुम्ही तिला सोडलेच कसे. तो मला म्हणाला, "मी तिला म्हणत होतो, एकटी जाऊ नकोस. आता सगळे तेच म्हणताहेत आणि मला ते ऐकवत नाहीये."

तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शल्यचिकित्सकांनी जबाबात लिहून दिले की लवकर आणले असते तर पाय राखण्याचा प्रयत्न करता आला असता. शुद्धीवर आल्यावर तिला धडक आठवत नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो, तेव्हा तिने पायाचे विचारले नाही. म्हणाली, "सर, माझी काही चूक झाली होती का? इथे येणारा प्रत्येक जण तसंच बोलतो. मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

चाकाचे मी तिला सांगितले. तिने ऐकले, पण विश्वास ठेवलेला दिसला नाही. गाडी सापडल्याशिवाय ती ठेवणारही नव्हती.

मुहूर्ताची तिथी मोठी होती. त्या रविवारी परिसरात ठिकठिकाणी साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचे साखरपुडे, झाले होते. आम्ही साध्या वेशात मुलीकडच्या घरी गेलो. एका घरी अंगणातला मांडव अजून सोडायचा होता. मुलीच्या वडिलांनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. मी दुपट्टा समोर धरला. त्यांनी काठ बोटात घेऊन पाहिला आणि खुशीत म्हणाले, "हा तर जवायाचा दुपट्टा व्हय, साहेब. नवरदेवाच्या बहिनीचे मालक. बाकीच्याईले साधे देल्ले, जवायाले जरीचा. एकच आनला होता, मीच त्याईच्या गळ्यात टाकला. तुमच्यापाशी कसा आला?"

मी सांगितले. ते मांडवाच्या खांबाला टेकले. आतून भांड्यांचे आवाज येत होते, मुलगी आतच होती.

"तुम्ही जबाब दिलाच पाहिजे," मी म्हटले, "पण मुलीचं ठरलेलं आहे हे मला माहीत आहे. घरच्यांशी बोलून घ्या."

"बोलाचं काय त्यात? त्या बाईलेही बाप असन कोनी. लिहा साहेब."

त्यांनी सही केली. पुढे ते लग्न झाले की मोडले, मी चौकशी केली नाही. या प्रकरणात मान द्यावा असा माणूस मला तिथे भेटला, एवढे नोंदवतो.

नवरदेवाचे घर अकोल्याचे. त्याचे काका नामांकित वकील. जावयाच्या पांढऱ्या गाडीत त्या दिवशी जावई, काका आणि काकू असे तिघे होते; चालवत होता जावई. गाडी आम्हाला गॅरेजमध्ये सापडली, पुढचा डावा दिवा नवा, बंपर रंगायला काढलेला. आम्ही त्यांच्या घरी गेलो, वकीलसाहेब तरीही शांत होते.

"दुपट्टे काय, बाजारात हजार मिळतात."

"तुमच्या जावयांचा दाखवा."

"गाडीत उडाला असेल. खिडकी उघडी होती."

"उडून जखमी बाईच्या पायांवर नीट पसरला?"

"ते तुम्ही कोर्टात सिद्ध करा, साहेब. आम्हीही काळा कोट घालतो."

जावई जमिनीकडे पाहत होता. तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "मीच टाकला."

"तू आत जा," वकीलसाहेब म्हणाले.

त्या गेल्या नाहीत. "जवाईबापूच्या गळ्यातला घेतला अन् टाकला. पाय उघडे होते तिचे, मांडीपर्यंत. येनारे जानारे मानसं पाहतीन म्हटलं."

"शुद्धीत होती का?"

"पानी मांगत होती."

"दिलं?"

"बाटली गाडीत होती. घ्याले गेली तं हे म्हने, बस आता, चाल. साक्षगंधाच्या दिवशी पोलीस-दवाखाना नको. जवाईबापूवर आलं तं पोरीचा संसार काय म्हनन?"

जावयाने तोंडावर हात घेतला. त्या रस्त्यावर पुढे तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आहे. अमरावतीकडे जाताना गाडी त्याच्या फाटकासमोरूनच गेली होती. मी वकीलसाहेबांना एवढेच विचारले की जखमीला दवाखान्यात पोहोचवणे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे त्यांना ठाऊक होते की नाही.

त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "आम्ही काय राक्षस आहोत? आम्ही त्या बाईची लाज राखली. दुसरा कोणी असता तर तशीच टाकून गेला असता. हेही लिहून घ्या."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला.

जावयाला अटक झाली, दोषारोपपत्र गेले. गाडीचा नवा दिवा बसवून घेणाऱ्या वकीलसाहेबांवर पुरावा नष्ट केल्याचे कलम लावले, त्यावर त्यांनी वरच्या कोर्टात दाद मागितली. काकूंना आम्ही साक्षीदार केले. पाणी मागणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवून गाडीत बसणे, याला कलम नाही. मी शोधले होते.

दोषारोपपत्र दाखल करून मी दवाखान्यात गेलो आणि तिला सगळे सांगितले. तुम्ही डाव्या कडेला होता, धडक मागून बसली, तुमची चूक तिळभर नव्हती. तिने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच विचारले, "झाकलं ते बाईनं का?"

"हो."

"मग मला बांगड्यांचा आवाज खरंच आला होता. मला वाटलं, कोणीतरी घरचं आलं. मी म्हटलं, आता वाचले."

नवऱ्याने तोंड फिरवले. तिने काकूंचा जबाब वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. वकीलसाहेबांचे वाक्यही वाचले.

"हे कोर्टात सगळ्यांसमोर वाचतील ना?"

"सरकारी वकील विचारतील, तेव्हा त्या बाईंना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल."

"मग मी येणार."

काकूंच्या साक्षीच्या दिवशी ती आली. कृत्रिम पाय नवा होता, चालताना नवऱ्याचा दंड धरावा लागत होता. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता होता आणि धातूचा तो पाय तिने कशानेही झाकलेला नव्हता. ती पहिल्या बाकावर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर बसली. काकूंनी शपथ घेतली आणि मान वर केली. समोरचा तो पाय दिसला, आणि त्यांनी शिपायाकडे पाणी मागितले.

निर्लज्ज माणसांचे गुन्हे मी सेवेत पुष्कळ पाहिले. त्यांचा राग ठाण्याबाहेर पडेपर्यंत ओसरतो. हा गुन्हा लाज असलेल्या माणसांनी, आपण सभ्य वागलो अशा खात्रीने केला. त्यानंतर अपघाताच्या कोणत्याही जखमीबद्दल, ती तिथे काय करत होती आणि काय घालून होती, हा प्रश्न मी ठाण्यात कोणालाही विचारू दिला नाही. विचारणाऱ्याला मी एकच सांगत असे: आधी पाणी पाज.